चार बायोडेटा परत घेताना

मीरा-भाईंदरला कोणी सहलीला जात नाही. माणसं तिथे घर घ्यायला जातात आणि घर घेतल्यावर कामासाठी दुसरीकडे जाऊ लागतात. गेल्या जानेवारीत आम्ही दोघी उलट कारणाने गेलो. घर लातूरला होतं, काम तिकडे शोधायचं होतं. सोमवार ते सोमवार राहिलो. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही आणि ज्यांच्या घरात नुकतीच पदवी घेतलेलं कोणी आहे, त्यांच्यासाठी हे टिपण.

दोघींपैकी एक मी. एका दैनिकाच्या लातूर कचेरीत एकतीस वर्षं उपसंपादक होते, आता निवृत्त आहे. दुसरी माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी ऋतुजा. वय बावीस. अन्नतंत्रज्ञानाची पदवी, पहिला वर्ग. अनुभव म्हणावा तर उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये तीन महिन्यांचं प्रशिक्षण, तेही अभ्यासक्रमाचा भाग म्हणून.

मुदत आठ दिवसांची होती. भावाने ओळखीच्या एका संस्थाचालकाकडे तिच्यासाठी शब्द टाकला होता. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायचं काम होतं आणि पुढच्या सोमवारी होकार कळवायचा होता. निघताना तो म्हणाला, "हप्ताभर बघून या. न्हाई जमलं तर मुकाट परत यायचं आन् शाळेत बसायचं." ऋतुजाने मान हलवली. बसमध्ये बसल्यावर मला म्हणाली, "आत्या, एकदा शाळेत बसले की मी तिथेच म्हातारी होणार."

सोमवार, बेव्हर्ली पार्क

ट्रॅव्हल्सने सकाळी साडेसहाला काशीमिऱ्याला हायवेवर उतरवलं. तिथून रिक्षाने बेव्हर्ली पार्क. माझी मावसबहीण शुभदा आणि तिचे यजमान अनिलराव गिरगावातल्या दोन खोल्या सोडून इथे आले, त्याला वीस वर्षं झाली. सातवा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेट्रोचे खांब दिसतात. तळमजल्यावरच्या पाटीवर अठ्ठावीस नावं आहेत, त्यांतली मराठी पाच.

दहा वाजता इमारतीखाली भाजीची गाडी आली. शुभदा आणि भाजीवाला मेथीच्या जुडीवरून दहा मिनिटं हिंदीत घासाघीस करत होते. मधेच त्याचा फोन वाजला. "आई, जेवलीस का? गोळी घे मग," असं बोलून त्याने फोन ठेवला आणि पुन्हा हिंदीत शिरला. तो संगमनेरचा. मी शुभदाला विचारलं, तुला माहीत आहे ना हा मराठी आहे?

"माहितीये की. पण सवय लागलीय."

भाजीवाला हसला. "मराठीत बोललं की मॅडमची मावशी होते. मग मावशी भाव पाडते. हिंदी परवडतं."

लातूरला बोलीवरून आम्ही माणसाचा तालुका सांगतो. इथे बोली बाजूला ठेवून व्यवहार चालतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

संध्याकाळी अनिलरावांनी ठिकाणांची यादी काढून दिली. ते विमा कंपनीत आहेत. छोट्या कारखान्यांत त्यांची ये-जा असते. यादीत चार ठिकाणं होती. मीरा रोडची अन्नपदार्थ तपासणारी एक प्रयोगशाळा, भाईंदर पूर्वेचा फरसाणाचा कारखाना, तिथलीच एक बेकरी आणि उत्तनची सुकी मासळी पॅक करणारं एक युनिट. "फ्रेशर म्हटलं की तोंड वाकडं करतात," ते ऋतुजाला म्हणाले. "मनाची तयारी ठेव."

मंगळवार, भाईंदर पूर्व

स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटा छापायला दिला. दुकानदाराने पडद्यावर पाहून मान हलवली. "फॉरमॅट पुराना है मॅडम. दस मिनिट दो, सेट कर देता हूँ." आम्ही शेजारी पोहे खाल्ले. पोहे गोडसर, वर बारीक शेव. आमच्याकडे सकाळी सुशीला असते, मुरमुऱ्यांची. नंतर घरी सांगितलं तेव्हा शुभदाला तो शब्दही नवीन होता. परत आलो तेव्हा चार प्रती प्लास्टिकच्या फोल्डरांत घालून तयार होत्या, एक सुटी आमच्यासाठी. कागद जाड होता, अक्षर सुबक होतं. आम्ही त्या उचलल्या आणि निघालो.

इथे गाळा म्हणजे कारखाना. बाहेरून दुकानाएवढा दिसणारा गाळा आत लांबच लांब जातो. एका गल्लीत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. कामगारांचे चेहरे काळे आणि भांडी चकचकीत. पुढच्या गल्लीत बायका खोट्या दागिन्यांना खडे चिकटवत बसलेल्या. त्याच्या पुढे तळणाचा वास. प्रत्येक फाटकावर एक वही आणि एक वॉचमन. वहीत नाव, मोबाइल, कुणाला भेटायचं आणि काम, असे चार रकाने. पहिल्या वहीत ऋतुजाने कामाच्या रकान्यात 'नोकरी हवी आहे' असं लिहिलं. वॉचमनने ते खोडायला लावलं. "इंटरव्ह्यू लिखो बेटा. नोकरी लिखोगी तो साब अंदर नहीं बुलाता."

चारही ठिकाणी कागद घेतले गेले. 'सर मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य तीनदा ऐकलं. उत्तनच्या युनिटचं भाईंदर पश्चिमेच्या बाजारात एक छोटं दुकान आहे. तिथल्या बाईंनी बायोडेटा घेतला आणि संध्याकाळच्या टेम्पोबरोबर उत्तनला पाठवते म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाआधी अनिलरावांनी आमची सुटी प्रत मागितली आणि चष्मा लावून वाचली. "अरे वा. असिस्टंट क्वालिटी ऑफिसर, एक वर्ष तीन महिने! हे आधी का नाही सांगितलंस? मी उगाच घाबरवत होतो तुला."

ऋतुजाने कागद ओढून घेतला. डाळ मिलचं नाव बरोबर होतं. 'प्रशिक्षण' हा शब्द गेला होता आणि तीन महिन्यांच्या आधी एक वर्ष आलं होतं.

पान छपाईला सोडण्यापूर्वी शेवटचं प्रूफ वाचायचं, हे काम मी एकतीस वर्षं केलं. त्या दिवशी मी पोहे खाल्ले.

झेरॉक्सवाल्याला फोन लावला. त्याला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. "मॅडम, खाली तीन महीना अच्छा नहीं लग रहा था. मैं तो सबका डालता हूँ. आपका तो फ्री में डाला."

अनिलराव म्हणाले, "मग राहू दे की. त्याने केलंय, तू थोडीच केलंस? फायदाच आहे."

मी म्हटलं, उद्या चौघांनाही फोन करून सांगू.

"आत्या," ऋतुजा म्हणाली, "तुमच्या पेपरात चूक छापली की वाचकांना फोन करायचात का?"

"नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायचो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. खाली."

"बारीक अक्षरात ना? मला आठवतं. पप्पा भिंग घेऊन वाचायचे आणि तुला हसायचे." तिने कागदाची घडी केली. "खोटा कागद त्यांच्या टेबलावर आहे. तो उचलून आणला पाहिजे. मी उद्या जाऊन आणते."

बुधवार, मीरा रोड आणि पुन्हा भाईंदर

सकाळी दहाला प्रयोगशाळेतून फोन आला. नुसता बायोडेटा बघून निवड झाली होती. शुक्रवारी कागदपत्रं घेऊन रुजू व्हायचं. ऋतुजा म्हणाली, "थँक्यू मॅडम. मी आज दुपारीच येऊन भेटते." फोन ठेवला आणि कोणाकडेही न बघता बसून राहिली.

शुभदाने लगेच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला होता. "देव पावला," अनिलराव म्हणाले. "आता एक शब्द बोलू नकोस. महिनाभरात काम शिकशील, कुणाला कळणार पण नाही."

"मला कळेल ना काका."

"अगं, तुला कळून काय होतंय? पगार तुला मिळणार, कळणार पण तुलाच. हिशेब बरोबर."

"तसं नाही. ती लॅब आहे. मी तिथे बसून दुसऱ्याच्या लोणच्याच्या लेबलवर खरं लिहिलंय की खोटं ते बघणार. आणि माझं लेबल?"

शुभदाचा रवा भाजून झाला होता. तिने त्याचा उपमा केला.

निघताना दुसऱ्या दुकानातून दुरुस्त बायोडेटाच्या चार प्रती काढून घेतल्या. प्रयोगशाळा एका बाजारसंकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली मोबाइलची दुकानं, वर पांढऱ्या कोटातली सहा-सात मुलं, काचेच्या कपाटात पापड, मसाले, पाण्याच्या बाटल्या. प्रमुख बाई चाळिशीच्या होत्या. ऋतुजाने दोन मिनिटांत सगळं सांगितलं, झेरॉक्सवाल्यावर फारसं न ढकलता. मग नवा बायोडेटा टेबलावर ठेवला.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "आमच्या एका क्लायंटची अट आहे, किमान वर्षभर काम केलेला माणूस हवा. म्हणून तर तुझं नाव काढलं."

"हो मॅडम."

"तू सांगितलं नसतंस तर मी कुठे उदगीरला विचारायला जाणार होते?"

बाईंनी नवा कागद उचलला.

"आणि आता कळल्यावर मी तुला घेऊ शकत नाही. तू हातातली नोकरी परत करतेयस, लक्षात येतंय ना?"

"येतंय मॅडम. जुना कागद देता का?"

त्यांनी दिला. नवा ड्रॉवरमध्ये ठेवला. "वर्षभराने ये," म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि मला त्यांचं काही चुकलं असंही वाटलं नाही.

खाली आल्यावर ऋतुजाने फाइल माझ्या हातात दिली आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिली. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं. मी उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत उभी राहिले.

फरसाणाच्या कारखान्यातले मॅनेजर जिग्नेशभाई यांनी आम्हाला थेट तळणघरातच बोलावलं. एका कढईत गाठिया, दुसरीत भावनगरी शेव. जिग्नेशभाई मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलतात. "बेटा, पंधरा साल मी लोकांचं झूठ वाचतो," ते म्हणाले. "पहिली बार कोई वापस लेने आव्यो छे!" त्यांनी कागद शोधून दिला, दोघींच्या हातात गरम गाठियाच्या पुड्या ठेवल्या आणि सांगितलं की जागा कालच भरली. "पण खाऊन जा. गाठिया में झूठ नथी."

बेकरीचे मालक बाहेरगावी होते. ऋतुजाचा बायोडेटा फोल्डरमधून निघून वॉचमनच्या टेबलावर आला होता आणि त्यावर चहाचा ग्लास होता. त्याने ग्लास उचलला, गोल डाग पडलेला कागद परत दिला, नवा ठेवला आणि ग्लास पुन्हा त्यावर ठेवला.

भाईंदर पश्चिमेच्या दुकानात पोचलो तेव्हा चार वाजले होते. आधीच्या दिवशीचा बायोडेटा टेम्पोने उत्तनला गेला होता. "आता तिकडंच जावं लागेल तुम्हाला," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "पण एवढं काय त्यात? फोन करते ना मी."

"नको," ऋतुजा म्हणाली. "उद्या जातो."

'अभिमानास्पद' हा शब्द मी एकतीस वर्षं बातम्यांतून कापत आले. बुधवारच्या नोंदीत तो एकदा ठेवते.

गुरुवार, उत्तन

भाईंदर पश्चिमेहून पालिकेची बस जाते. इमारती संपल्या की मिठागरं लागतात. काही चालू आहेत, काहींत नुसतं गवत. मग मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावं, रस्त्याला चिकटून बैठी घरं, अंगणात आंब्याची झाडं. एका घरासमोर तुळशीवृंदावन, शेजारच्या घरासमोर क्रूस, दोन्हींना त्याच निळ्या रंगाचा हात दिलेला. उत्तन दिसायच्या आधी त्याचा वास येतो. बसमधल्या कोणाच्याही चेहऱ्यावर त्याची दखल नव्हती.

लातूरच्या आठवडी बाजारात सुके बोंबील ढिगाने विकतात. ते येतात कुठून, हे मी साठ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. येतात ते इथून. किनाऱ्यालगत बांबूंचे उंच मांडव उभे आहेत. त्यांना वलांडी म्हणतात. आडव्या दोऱ्यांवर बोंबील लटकतात, दोन-दोनच्या जोडीने. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, चिमटा नाही. वारा आला की हजारो जोड्या एकाच बाजूला हलतात.

युनिटचे मालक विल्सन पस्तिशीचे. बँकेची नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलं. मॉलमध्ये ठेवता येतील अशा बंद पाकिटांत ते सुकी मासळी विकतात. ऋतुजाचं नाव ऐकून त्यांनी खणातून फोल्डर काढला. तो अजून उघडलेलाही नव्हता.

"वाचला नाही अजून मी," ते म्हणाले. "आणि हा दुसरा कशाला?"

तिने सांगितलं. त्यांनी मधेच माझ्याकडे पाहिलं, ही खरंच बोलतेय का अशा अर्थाने.

"म्हणजे एवढ्या लांब आलीस ते न वाचलेला कागद परत न्यायला?"

"हो."

"नोकरी मागायला नाही?"

"ती पण पाहिजे."

विल्सन मोठ्याने हसले. त्यांचा तपासनीस महिन्यापूर्वी आखातात गेला होता. माल पाकिटात जाण्याआधी पुरेसा सुकलाय की नाही हे बघायला माणूस हवाच होता. पण एक अडचण होती. "मी ठेवून उपयोग नाही. दोन आले, दोन गेले. वाडीत मार्थाबायचं चालतं. ती हो म्हणाली तर बघू."

मार्थाबाय साठीच्या पुढच्या. दोन पोरींना वलांडीवर चढवून स्वतः खाली उभ्या होत्या. त्यांनी ऋतुजाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लॅबवाली हाय का गो?" तपासनिसाला वाडीत हेच नाव.

"हो."

"उद्या सातला ये. नखा कापून ये."

दुपारी त्यांनीच आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलाचं कालवण. ओला बोंबील मी पहिल्यांदा खाल्ला. तो चावावा लागत नाही. मार्थाबायने विचारलं, तुमच्याकडे कसा करतात? मी सांगितलं, सुका तव्यावर भाजतात, लसूण आणि तिखट घालून कुटतात. आमच्या घरी ते अंगणातल्या चुलीवर करतात, त्याचा तवा वेगळा, वास घरात नको म्हणून.

"भायेर?" मार्थाबाय थांबल्या. "का, परका पावणा हाय का तो?"

शुक्रवार आणि शनिवार, उत्तन

शुक्रवारी सकाळी सातला ऋतुजा हजर होती. मी दहाला पोचले, तोवर तिची सहा बोटं टोचली होती. बोंबलाचे दात सुईसारखे असतात. जबड्यात जबडा अडकवताना बाकीच्या बायका एका हाताने जोडी करत होत्या. हिला दोन्ही हात लागत होते आणि तरी दर तिसरी जोडी वाळूत पडत होती.

"ए लॅब, तुझा नवरा उपाशी मरल गो!" एक जण वलांडीवरून ओरडली.

"आधी नोकरी, मग नवरा," ऋतुजा म्हणाली. "तोवर तोच शिकेल करायला."

बायकांना ते उत्तर चाललं. मला वाटतं, त्यानंतर त्यांनी तिला ऋतुजा म्हणायला सुरुवात केली. 'लॅब' फक्त चिडवायला उरलं.

दुपारी ती मार्थाबायच्या मागे फिरली. मार्थाबाय माल तपासतात तो असा: बोंबील उचलायचा, डोक्याजवळच्या जाड भागावर अंगठा दाबायचा, मग वाकवायचा आणि आवाज ऐकायचा. एका बोंबलाला दोन सेकंद पुरतात. ऋतुजा वहीत लिहून घेत होती. पॅकिंगच्या खोलीत, खोक्यात, ओलावा मोजायचं यंत्र होतं. ते बिघडलेलं नव्हतं, आणल्यापासून कोणी लावलंच नव्हतं. तिने ते काढलं, पुसलं आणि मार्थाबायने 'सुका' म्हटलेले वीस आणि 'न्हाय' म्हटलेले वीस बोंबील कापून त्यात घातले. यंत्राचं आणि अंगठ्याचं उत्तर जवळपास प्रत्येक वेळी तेच आलं.

"मंग यंत्र कशाला?" मार्थाबाय म्हणाल्या.

"तुमचा अंगठा पाकिटावर छापता येत नाही म्हणून."

मार्थाबाय हसल्या नाहीत. अंगठ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं.

शनिवारी दुपारी टेम्पो भरायचा होता. ऋतुजाने नऊ क्रेट बाजूला काढून ठेवले आणि हे जाणार नाहीत म्हणाली. टेम्पोवाला घड्याळ दाखवायला लागला. विल्सन बाहेर आले. मार्थाबायने पदर खोचला.

"मी बगलाय तो माल. सुकलाय."

"वरचा सुकलाय, मावशी. खालचे थर ओले आहेत. हा सगळा माल भिंतीकडच्या वलांडीचा आहे. ते नवीन कंपाउंड झालंय ना, तिथे वारा येत नाही. मी काल संध्याकाळी दोन तास तिथे उभी होते."

वाडीतलं काम थांबलं. अशा वेळी वार्ताहर जे करतो ते मी केलं, बाजूला सरकले. दोन दिवसांची ओळख आणि तीन महिन्यांचं प्रशिक्षण असलेली मुलगी, समोर चाळीस वर्षं बोंबील सुकवणारी बाई. सोमवारची मुदत मला आठवत होती. तिच्या चेहऱ्यावरून तिला आठवत असेल असं वाटलं नाही.

मार्थाबायने पहिला क्रेट उपडा केला. तळाचे बोंबील घेतले, दाबले, वाकवले. क्रेट टेम्पोपासून लांब ढकलला. दुसरा, तिसरा. नऊच्या नऊ पाहिले. सात तिकडेच गेले. दोन त्यांनी स्वतः उचलून टेम्पोत टाकले.

"ये दोन सुकं हायत. तुझा चुकला."

ऋतुजाने खाली वाकून त्या दोन क्रेटमधले चार बोंबील मोडून पाहिले. "हो, चुकलं माझं," ती म्हणाली. "यांच्या तळाचे मी दोनच काढले होते. जास्त काढायला हवे होते." आणि तसं वहीत लिहिलं.

विल्सनने मार्थाबायकडे पाहिलं. "काय करायचं?"

"काय म्हंजे? आदी ती वलांडी हलव. मी सांगून दमले, तू आयकत न्हाय."

"मी हिचं विचारतोय."

"दोन दीस झाले, हिनं नाकाला रुमाल न्हाय लावला." मार्थाबाय हात धुवायला निघाल्या. "आदीचा तर मोटारीतनं उतरतानाच लावायचा. ठेव हिला."

विल्सनने अटी तिथेच, टेम्पोला टेकून सांगितल्या. पहिले तीन महिने बघू, मग पक्कं. पगार प्रयोगशाळेपेक्षा कमी. सकाळी सातला हजर, सुट्टी रविवारी. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा पॅकिंगच्या खोलीतलं काम. ऋतुजाने प्रत्येक अटीला हो म्हटलं आणि शेवटी एक अट स्वतः घातली: यंत्र खोक्यातून बाहेर राहील.

रविवार, बेव्हर्ली पार्क

शुभदाने सकाळीच जाहीर केलं की ऋतुजा त्यांच्याकडेच राहील. मागची खोली रिकामीच असते. अनिलरावांनी बसचे नंबर कागदावर लिहून दिले. "मीरा रोडची लॅब चालत दहा मिनिटांवर होती," ते म्हणाले. "ती सोडून ही उत्तनला चालली. आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं." मग जरा थांबून: "येताना ओले बोंबील आणत जा."

दुपारी ऋतुजाने वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मासळीचं?" भाऊ म्हणाला. "येवढं शिकून? वास येत आसंल की गं."

"येतो."

"मग?"

"पप्पा, आपल्या बाजारातल्या बोंबलाला पण येतो. तुम्ही दोन भाकरी जास्त खाता. तो इथूनच येतो."

पलीकडे वहिनी काहीतरी विचारत होती, ते अस्पष्ट ऐकू आलं.

"आत्या हाय का तिथं?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"अक्का, तू बघितलंस का समदं? खरं सांग. पोरीचं निभंल का?"

मी त्याला शनिवारची हकिगत सांगितली, क्रेटच्या आकड्यांसह. सात बरोबर, दोन चूक. मत दिलं नाही.

"नवातले सात," तो म्हणाला. "आन् ती म्हातारी चाळीस वर्षं ह्येच करतीया?"

"हो."

"मग उद्या मी संस्थेच्या सरांकडं जाऊन येतो. न्हाई म्हणून सांगतो." आणि फोन ठेवता ठेवता: "काय गं, त्या पाकिटावर तपासणाऱ्याचं नाव आसतंय का?"

"सही असते पप्पा. लहान."

"आसू दे. भिंग हाय माझ्याकडं."

सोमवार, काशीमिरा

परतीची बस सकाळी आठची होती. मी साडेसहाला उठले तेव्हा मागच्या खोलीत अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि ओट्यावर माझ्यासाठी चहा झाकलेला होता. अनिलरावांनी मला रिक्षात बसवलं. ऋतुजा पोचवायला आली नाही. तिला सातला कामावर हजर व्हायचं होतं.